‘टाकाऊपासून ऊर्जा’ सांगणारे निबंध कसे वाचावेत? स्पेंटवॉशच्या निमित्ताने

पेटची लेखी परीक्षा झाली, मुलाखतीची तारीख आली आणि आता विषय काय सांगायचा, हा प्रश्न ज्यांच्यासमोर आहे, त्यांच्यासाठी आजचं लिखाण आहे. आपल्याकडे सूक्ष्मजीवशास्त्र, पर्यावरणशास्त्र, जैवतंत्रज्ञान झालेल्या बऱ्याच मुलामुलींचा विषय ठरल्यासारखाच असतो. कुठला तरी टाकाऊ पदार्थ घ्यायचा आणि त्यापासून बायोगॅस, इथेनॉल नाहीतर वीज तयार करायची. हसू नका, माझाही तोच होता. माझ्या पहिल्या आराखड्याचा विषय होता, बिअर कारखान्यातल्या बार्लीच्या चोथ्यापासून बायोगॅस. परदेशी निबंध भरपूर वाचले होते, आकृत्या छान जमल्या होत्या. सरांनी पहिलं पान वाचलं आणि विचारलं, “चोथा आणणार कुठून?”

प्रश्न साधाच होता. बिअरचे कारखाने छत्रपती संभाजीनगरजवळ वाळूजला आहेत. कोल्हापुरात आहेत ते साखर कारखाने आणि त्यांना जोडलेल्या डिस्टिलऱ्या. इथं मळीपासून अल्कोहोल होतं आणि ते काढून झाल्यावर खाली उरतो तो स्पेंटवॉश. गडद तपकिरी, आंबट, गरम आणि प्रचंड सेंद्रिय भार असलेला. म्हणजे आंबवण्याच्या उद्योगातलं उरलंसुरलं हवं असेल तर आपल्या दारातच आहे. मी विषय बदलला. पण विषय बदलल्यावरही निबंध वाचायची माझी सवय तीच राहिली, आणि ती चुकीची होती. ती कशी चुकीची होती, ते आज सांगते.

कुठल्याही एका निबंधाचं नाव घेत नाही, कारण दोष एकाचा नाही. या विषयावरचे दहा निबंध ओळीनं वाचले की त्यांचा साचा दिसतो. सुरुवातीला इंधनटंचाई आणि हवामानबदल. मग ‘अमुक पदार्थ प्रचंड प्रमाणात वाया जातो’ असं एक वाक्य. मग काचेच्या बाटल्यांतला प्रयोग, गॅसचा चढता आलेख, आणि शेवटी ‘औद्योगिक स्तरावर मोठी क्षमता आहे’. या साच्यातल्या प्रत्येक टप्प्यावर थांबून काय विचारायचं, ते बघू.

वाया जातो म्हणजे नेमकं काय होतं?

बिअरच्या चोथ्यापासूनच सुरुवात करू. शंभर लिटर बिअरमागे साधारण वीस किलो ओला चोथा निघतो. कोरड्या वजनात त्यात प्रथिनं वीस ते तीस टक्के असतात. त्यामुळे जगभर तो आधीपासूनच जनावरांच्या खाद्यात जातो. म्हणजे निबंधातलं ‘वाया जातो’ हे वाक्य इथं पहिल्याच ओळीत अडतं. तुम्ही त्याचा गॅस केलात तर त्या गुरांना दुसरं काहीतरी घालावं लागेल, आणि ते पिकवायलाही जमीन, पाणी, खत लागेल. हा खर्च निबंधाच्या हिशेबात दिसत नाही.

आपल्याकडचं उदाहरण प्रेसमडचं. साखर कारखान्यात उसाचा रस गाळल्यावर उरणारा हा गाळ, उसाच्या वजनाच्या तीन-चार टक्के. माझ्या आराखड्यात मी त्याला बिनधास्त ‘टाकाऊ’ म्हटलं होतं. सुट्टीत शिरोळला मामाकडे गेले तेव्हा त्याला हे सांगितलं, तर तो म्हणाला, “कुणी सांगितलं तुला टाकाऊ म्हणून? चार ट्रॉल्या आणल्यात गं, पैसं मोजून.” शेतकरी प्रेसमड शेतात टाकतो. डिस्टिलऱ्या त्यावर स्पेंटवॉश फवारून कंपोस्ट करतात. आता कॉम्प्रेस्ड बायोगॅसचे प्रकल्प तोच प्रेसमड मागतात. प्रत्येकाच्या अहवालात तो ‘उपलब्ध’ आहे, पण ढीग एकच आहे. तिन्ही अहवाल वेगवेगळे वाचले तर तिन्ही बरोबर वाटतात. एकत्र ठेवले की एकच ट्रॉली तीन ठिकाणी मोजलेली दिसते.

उसाच्या चिपाडाचंही तेच. गुऱ्हाळात ते वाळवून चुलवणात जातं, कारखान्यात बॉयलरमध्ये. म्हणून पहिला नियम: ‘हा पदार्थ आज कोण नेतं, किती दरानं नेतं?’ याचं उत्तर निबंधात नसेल तर ‘वाया जातो’ हे वाक्य पेन्सिलीनं अधोरेखित करून ठेवा. आणि ते वाक्य तुमच्या आराखड्यात असेल तर एकदा कारखान्याच्या गेटवर जाऊन या.

कोरड्या वजनाची गंमत

दुसरी जागा म्हणजे एकक. बहुतेक निबंध ऊर्जा सांगतात ती दर किलो कोरड्या पदार्थामागे. शास्त्रीयदृष्ट्या त्यात चूक काही नाही, तुलना करायला तेच सोयीचं. पण ट्रॉलीत भरून येतो तो ओला पदार्थ.

वहीवर करून बघा. शंभर किलो ओला चोथा घ्या. त्यात पाणी साधारण ७८ किलो, कोरडा पदार्थ २२ किलो. कोरड्या पदार्थाची उष्णता किलोला १९ मेगाज्यूल धरली तर एकूण ४१८ मेगाज्यूल. आता ७८ किलो पाणी तापवून त्याची वाफ करायला किलोला अडीच मेगाज्यूल लागतात, म्हणजे १९५. मिळणाऱ्या उष्णतेतली जवळपास निम्मी पाणी उडवण्यातच गेली, आणि यात वाळवण्याच्या यंत्राची गळती अजून धरलेली नाही. ‘दर किलो १९ मेगाज्यूल’ हा आकडा खरा असूनही वाचणाऱ्याची फसगत होते.

अशा ओल्या पदार्थासाठी जाळण्यापेक्षा बायोगॅस बरा, कारण तिथं पाणी उडवावं लागत नाही. हा मुद्दा बरोबर आहे. पण मग बायोगॅसचा हिशेबही तितक्याच कडकपणे तपासायला हवा.

०.३५ हा आकडा पाठ करा

सांडपाण्यातला सेंद्रिय भार मोजायचं माप म्हणजे सीओडी: त्यातला सेंद्रिय माल रासायनिकरीत्या पूर्ण जाळायला किती ऑक्सिजन लागेल, ते. मिथेनचा एक रेणू जाळायला ऑक्सिजनचे दोन रेणू लागतात. म्हणजे १६ ग्रॅम मिथेनला ६४ ग्रॅम ऑक्सिजन. उलटं वाचा: एक किलो सीओडी पूर्णपणे मिथेन झाली तर पाव किलो मिथेन, म्हणजे शून्य अंश तापमानाला आणि सामान्य दाबाला ०.३५ घनमीटर. पस्तीस अंशांना वायू प्रसरण पावतो, तेव्हा हाच आकडा साधारण ०.४० होतो. याच्या वर जाता येत नाही. जिवाणू कितीही गुणी असोत.

माझ्या पहिल्या तक्त्यात नष्ट झालेल्या दर ग्रॅम सीओडीमागे ०.४६ लिटर मिथेन आला होता. मी खूश. दोन दिवस तो आलेख भिंतीवर लावून ठेवला होता. नंतर लक्षात आलं की विरजण म्हणून गोबरगॅसच्या टाकीतला गाळ घातला होता, आणि तो गाळ स्वतःच गॅस सोडत होता. नुसत्या गाळाची कोरी बाटली मी ठेवली होती, पण तिचा गॅस वजा करायचा राहून गेला होता. वजा केल्यावर आकडा ०.३१ वर आला. म्हणून कुणाचाही निबंध वाचताना आधी बघा: कोरी बाटली होती का, तिचा गॅस वजा केला का, विरजण आणि नमुना यांचं प्रमाण दिलंय का, वायूचं तापमान लिहिलंय का, आणि ‘बायोगॅस’ व ‘मिथेन’ हे शब्द अदलाबदलीनं वापरलेत का. बायोगॅसमध्ये मिथेन साधारण ५५ ते ६५ टक्केच असतो. हे लिहिलेलं नसेल तर ‘विक्रमी उत्पादन’ वाचून दबून जाऊ नका.

स्पेंटवॉशच्या बाबतीत आणखी एक अडचण आहे, गंधकाची. साखर शुद्ध करताना आणि आंबवताना गंधकाचे पदार्थ वापरले जातात, त्यामुळे स्पेंटवॉशमध्ये सल्फेट भरपूर असतं. सल्फेट खाणारे जिवाणू मिथेन करणाऱ्यांच्या ताटातलं उचलतात. एक किलो सल्फेटमागे साधारण ०.६७ किलो सीओडी तिकडे जाते आणि मिथेनऐवजी हायड्रोजन सल्फाइड तयार होतो. तो इंजिनं गंजवतो, म्हणून गॅस वापरण्याआधी तो काढून टाकावा लागतो. निबंधात सल्फेटचा आकडाच नसेल तर गॅसचा हिशेब अर्धवट समजा.

टक्केवारी काय लपवते

आता मुख्य मुद्दा. निबंधात वाक्य असतं: ‘६५ टक्के सीओडी नष्ट झाली.’ ऐकायला छान. एका मध्यम डिस्टिलरीवर हिशेब मांडून बघू. रोज ३० हजार लिटर अल्कोहोल. एका लिटरमागे स्पेंटवॉश ८ ते १५ लिटर निघतो, आपण १० धरू. म्हणजे रोज ३०० घनमीटर. सीओडी लिटरला एक लाख मिलिग्रॅम धरू, मळीच्या स्पेंटवॉशला ती सहज असते. म्हणजे रोज ३० टन सीओडी. ६५ टक्के गेली म्हणजे साडेएकोणीस टन. त्याचा मिथेन सुमारे ६,८०० घनमीटर. उष्णतेच्या भाषेत हे ओल्या बगॅसच्या तीसएक टनांएवढं. रोज! हे कमी नाही. डिस्टिलरीला लागणाऱ्या वाफेचा मोठा वाटा यातून निघतो.

इथं निबंध संपतो. पण उरलेले साडेदहा टन? लिटरला अजून ३५,००० मिलिग्रॅम सीओडी शिल्लक आहे, आणि नदीनाल्यात सोडायच्या पाण्याची सर्वसाधारण मर्यादा आहे २५० मिलिग्रॅम. माणशी रोजची सीओडी साधारण १०० ग्रॅम धरली तर साडेदहा टन म्हणजे लाखभर वस्तीच्या शहराचं सांडपाणी झालं, तेही एका डिस्टिलरीचं, ‘प्रक्रिया झाल्यानंतरचं’. रंगही तसाच राहतो, कारण तो मेलॅनॉइडिन नावाच्या संयुगांचा असतो आणि बायोगॅसच्या टाकीतले जिवाणू त्यांना फारसा हात लावत नाहीत. पोटॅश आणि इतर क्षारही सगळे तसेच राहतात. क्षारांचा काही गॅस होत नाही.

म्हणूनच डिस्टिलऱ्यांना असं पाणी बाहेर सोडायची मुभा नाही. २००३ च्या केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या सनदेपासून दिशा ‘शून्य विसर्गा’ची आहे: एकतर प्रेसमडवर कंपोस्ट करा, नाहीतर आटवून बॉयलरमध्ये जाळा. आटवायला वाफ लागते. म्हणजे गॅसमधून मिळवलेल्या ऊर्जेचा एक भाग उरलेलं पाणी उडवण्यात जातो. हा आकडा बाटलीतल्या प्रयोगाच्या निबंधात कधी बघितलाय का? मी क्वचितच बघितला. काही डिस्टिलऱ्या तर बायोगॅसच करत नाहीत, स्पेंटवॉश थेट आटवून जाळतात, कारण आधी गॅस काढला तर जाळायला दम राहत नाही. त्या राखेत पोटॅश असतं. भारत पोटॅश जवळपास सगळं आयात करतो, आणि २०२१ मध्ये मळीपासूनच्या पोटॅशला केंद्राच्या खत अनुदानातही जागा मिळाली. म्हणजे आज उद्योगापुढचा प्रश्न ‘गॅस होतो का?’ हा नाही. आधी गॅस की थेट आच, आणि उरलेल्या क्षारांचं काय, हा आहे. पहिल्या प्रश्नाचं उत्तर आपल्या भागातल्या डिस्टिलऱ्यांना कित्येक वर्षांपासून माहीत आहे. तेच उत्तर तीनशे मिलिलिटरच्या बाटलीत पुन्हा सिद्ध करण्यात तुम्ही तीन वर्षं घालवणार का, हे आधी ठरवा.

पातळ करणं आणि हंगाम

अजून दोन गोष्टी थोडक्यात. कार्यपद्धतीच्या भागात एक ओळ शोधा: ‘नमुना दहापट पातळ केला.’ क्षार आणि सल्फेटचा त्रास टाळायला हे करतात, आणि मग आकडे देखणे येतात. वरच्या डिस्टिलरीत तेच करायचं तर ३०० घनमीटरचे ३,००० घनमीटर होतील. ते पाणी कुठून आणायचं आणि नंतर कुठं घालवायचं?

दुसरं, हंगाम. आपल्याकडे गाळप साधारण नोव्हेंबर ते मार्च. शिवाय २०१८ पासून बी-हेवी मळी आणि थेट उसाच्या रसापासूनही इथेनॉल करायला मोकळीक मिळाली, आणि डिसेंबर २०२३ मध्ये रसावर अचानक बंधनं आली. कच्चा माल बदलला की स्पेंटवॉशचा भारही बदलतो. एका कारखान्यातून एका दिवशी आणलेल्या वीस लिटरच्या कॅनवर ‘स्पेंटवॉशचे गुणधर्म’ असा तक्ता करू नका. तारीख, मळीचा प्रकार आणि नमुना कुठून घेतला, हे लिहा.

मग हे निबंध निरुपयोगी आहेत का?

नाहीत. काचेच्या बाटल्यांतले प्रयोग हवेतच, त्याशिवाय कुठला जिवाणू काय करतो हे कळणार नाही. पण चांगलं उदाहरण कसं असतं ते बघा. १९७० च्या दशकात नेदरलँड्समध्ये वाखेनिंगेनला खात्झे लेटिंगा आणि त्यांचे सहकारी बीटसाखरेच्या कारखान्याच्या सांडपाण्यावर काम करत होते. टाकीत पाणी खालून वर सोडल्यावर जिवाणूंचा गाळ दाणेदार होऊन तळाशी टिकून राहतो, हे त्यांनी हेरलं. त्यातून यूएएसबी ही टाकी आली. आज जगभरात बिअर कारखान्यांच्या सांडपाण्यावर ती आणि तिच्या सुधारित आवृत्त्या चालतात. बिअरचं सांडपाणी लिटरला काही हजार मिलिग्रॅम सीओडीचं असतं आणि सहज पचतं, त्यामुळे तिथं ८०-९० टक्क्यांचा खरंच उपयोग होतो. तीच टक्केवारी स्पेंटवॉशच्या निबंधात उचलून लावली की घोटाळा होतो. पदार्थ कुठला आणि प्रश्न कुणाचा, यावर काम उभं राहतं.

धोरणाच्या कागदांनाही हेच लागू. ऑक्टोबर २०१८ मध्ये ‘सतत’ योजना आली. २०२३ पर्यंत ५,००० प्रकल्प आणि वर्षाला दीड कोटी टन कॉम्प्रेस्ड बायोगॅस, असं लक्ष्य होतं. आपण त्याच्या जवळपासही पोचलो नाही. कारणं अनेक आहेत, पण कच्चा माल ‘उपलब्ध’ आहे असं धरून चालणं हे त्यातलं एक मोठं कारण आहे, असं माझं मत. आणि ते ‘उपलब्ध’ कुठून येतं? आपल्यासारख्यांच्याच निबंधांच्या प्रस्तावनेतून.

हे सगळं मी चिडून लिहितेय असं वाटेल. थोडी चिडलेय खरी. मामाचं गाव पंचगंगेच्या काठावर आहे. उन्हाळ्यात तेरवाड बंधाऱ्यात मासे मरून तरंगल्याची बातमी वाचली की तो फोन करून विचारतो, “तुमच्या युनिव्हर्सिटीत काय चाललंय?” नदीत कोल्हापूर आणि इचलकरंजीचं सांडपाणी येतं, वस्त्रोद्योगाचं येतं, साखर उद्योगाचंही येतं. सगळा दोष कुणा एकावर ढकलता येत नाही. पण बायोगॅसच्या टाकीतून खाली उरणाऱ्या पाण्यावर आपण किती काम केलंय, या प्रश्नाला माझ्याकडे धड उत्तर नसतं. म्हणून आता माझा विषय गॅसचा राहिलेला नाही. गॅस काढून झाल्यावर उरणाऱ्या त्या तपकिरी पाण्यातल्या रंगाचा आहे. आलेख चढता येत नाही, निबंध हळू होतात, पण मुलाखतीत ‘हे कशासाठी?’ विचारलं की अडखळायला होत नाही.

तुमच्यासाठी या आठवड्याचं काम. तुमच्या विषयातला तुम्हाला सगळ्यात आवडलेला एक निबंध काढा आणि वहीत चार ओळी लिहा:

१. हा पदार्थ आज कोण वापरतं?
२. ओल्या वजनावर आणि पातळ न करता आकडा किती येतो?
३. आलेली ऊर्जा सैद्धांतिक मर्यादेच्या आत आहे का, आणि प्रक्रियेला लागलेली ऊर्जा वजा केली आहे का?
४. शेवटी काय उरलं, किती उरलं आणि ते कुठं जाणार?

चौथ्या ओळीचं उत्तर निबंधात सापडलं नाही तर निराश होऊ नका. कदाचित तुमचा विषय तिथंच असेल.